उंदराने कुरतडलेला पट्टा

अमरावती,
४ मार्च २०२५

श्री. इनायतुल्ला,
इनायत बॅग वर्क्स, अकोला.

नमस्कार.

तुमच्या पावतीच्या तळाशी 'तक्रार लेखी द्यावी' असं बारीक अक्षरात छापलेलं आहे, म्हणून लेखी देते आहे. मी तेहतीस वर्षं वरूडच्या शाळेत मराठी शिकवलं. लेखी देण्याचा मला कंटाळा नाही.

माझी तपकिरी चामड्याची पर्स मी आमच्या शाळेतल्या पौर्णिमाबाईंबरोबर तुमच्याकडे पाठवली होती. त्यांची मुलगी अकोल्याला असते. पर्सच्या फ्लॅपच्या आत तुमच्याच दुकानाचा शिक्का आहे, म्हणून दुसरीकडे कुठे न देता मुद्दाम तुमच्याकडे पाठवली. कामं दोनच होती. चेन बसत नव्हती आणि तळाची शिवण उसवली होती. सोबत मी चिठ्ठी लिहिली होती, 'जशी होती तशी करून द्यावी.'

परवा पर्स आली. मी पौर्णिमाबाईंना म्हटलं, अहो, दुसऱ्याच कुणाची तरी आणलीत. रंग गडद, अंगावर चकाकी, वास पॉलिशचा. खांद्याला अडकवायचा पट्टा तर कोरा करकरीत. आणि पावतीवर लिहिलंय: 'उंदराने कुरतडलेला पट्टा बदलला.'

माझ्या घरात उंदीर नाहीत. कधीही नव्हते.

पट्टा बदला असं मी सांगितलं नव्हतं, रंग द्या असंही सांगितलं नव्हतं. तरी घेतलेले चौदाशे रुपये मनिऑर्डरने परत करावेत ही विनंती.

प्रमोदिनी देव

ता. क. जुना पट्टा फेकला नसेल तर तोही पाठवावा.


अकोला,
१३ मार्च २०२५

आदरणीय बाई,

आदाब. मी उज्मा, इनायतुल्लांची नात. दादांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे, त्यामुळे ते बोलतात आणि मी लिहिते. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि मराठीच घेतलं आहे, तेव्हा लाल पेन हातात घेण्याआधी थोडी दया करा.

तुमचं पत्र मी दादांना दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा म्हणाले, "बाईले इचार, चिठ्ठीत काय लिवलं होतं? जशी होती तशी. मंग तशीच केली ना. थे बॅग माह्या हातची हाये. दुकानातून गेली तवा कशी होती, हे मले नाई तर कोनाले ठाव असन?"

बाई, खरं सांगते, अकरा दिवस ते फक्त तुमच्या पर्सचं काम घेऊन बसले होते. गेल्या वर्षीपासून ते मोठं काम घेत नाहीत. ही आली तेव्हा आतला शिक्का अंगठ्यानं चाचपला आणि म्हणाले, हे मीच करणार. रंग पहिला होता तोच आहे. शिवणही हातानं घातली, एक एक टाका बोटानं मोजत. नवी झाली तेव्हा लहान पोरासारखे खूष होते. तुमचं पत्र आल्यापासून त्यांनी आरीला हात लावलेला नाही.

पैशांचं ते म्हणतात, पट्ट्याचं चामडं नवीन घालावं लागलं, त्याचा खर्च झाला. निम्मे परत करतो.

उंदराबद्दल दादांचा निरोप असा: "त्याच्यात लाजाचं काय हाये? उंदीर कोनाच्या घरी नसते? आमच्याकडे तर दुकानातबी हायेत." माझी दादी, रईसा, आतून ओरडून सांगते आहे की कडुनिंबाचा पाला ठेवा म्हणावं कपाटात.

तुमची,
उज्मा


अमरावती,
१८ मार्च २०२५

चि. उज्मा,

तुझं शुद्धलेखन चांगलं आहे. 'आरी'ची वेलांटीसुद्धा बरोबर आहे, आमच्या शाळेतल्या दोन शिक्षकांची ती चुकायची.

तुझ्या दादांना सांग, 'होती' हा भूतकाळ आहे हे मला मान्य. पण कोणता भूतकाळ, हे लिहायचं माझ्याकडून राहिलं. त्यांच्या मनात दुकानातून निघालेली पर्स होती आणि माझ्या मनात कपाटातून निघालेली. याहून लहान चुकांसाठी मी मुलांचे मार्क कापले आहेत. त्यांनी मेहनत केली, ती दिसते. शिवण सुंदर आहे. इतकी सुंदर पर्स माझ्याकडे पूर्वी कधी होती हे मी विसरूनच गेले होते.

पण मला सुंदर पर्स नको होती. मी चौदाशेपैकी सातशे घेऊन गप्प बसणार नाही. पूर्ण परत करा, नाहीतर काहीच करू नका.

आणि उंदीर हा विषय आता बंद करा. कडुनिंबाचा पाला माझ्या कपाटात गेली चाळीस वर्षं आहे.

तू माझ्या ताज्या कलमाचं उत्तर दिलं नाहीस. जुना पट्टा कुठे आहे? त्याचा वरचा भाग, जिथे तो खांद्यावर येतो, तेवढा वीतभर मिळाला तरी चालेल. कातरणाच्या ढिगात असेल तर बघशील का? मी रोज त्याला हात लावत असे, म्हणून विचारते. दुसरं काही नाही.

प्रमोदिनी देव


अकोला,
४ एप्रिल २०२५

आदरणीय बाई,

उत्तराला उशीर झाला. मध्ये ईद झाली, नगमा फुपी, म्हणजे माझी आत्या, हिवरखेडहून आली होती, घर भरलेलं होतं.

चौदाशे रुपये पूर्ण मनिऑर्डरनं पाठवले आहेत. दादा म्हणाले, "ज्याले पटलं नाई त्याचे पैसे घरात ठेवू नाई." पट्टा मात्र दुकानात नाही. कातरण सगळं पालथं घातलं. दादी म्हणते भंगारवाला घेऊन गेला असेल. माफ करा.

पण दादांनी एक गोष्ट लिहायला सांगितली आहे, ती तुम्हाला ठाऊक असेलच. शिक्क्याच्या खाली आरीनं कोरलेला एक लहान 'व' आहे. कुणी सांगून बॅग करून घेतली की दादा त्याचं पहिलं अक्षर तिथे घालायचे. त्या 'व'वर बोट गेलं आणि त्यांना माणूस आठवला.

दादांचं बोलणं मी जसंच्या तसं लिहिते, शुद्ध करत नाही:

"सत्त्याऐंशीची गोष्ट असन. सडपातळ मानूस, हातात कोर्टाची फाइल. सकाळच्या गाडीनं आला होता. म्हने, बायकोले वरूडले नोकरी लागली, रोज यष्टीनं जानं-येनं. दोनी हात मोकळे राह्यले पाह्यजे, आडवी घालता येईन अशी करून द्या. मी म्हटलं, बाईची उंची किती? त्यानं आपल्या हनुवटीले हात लावला, म्हने, इथपर्यंत. मी म्हटलं चार दिवसांनी या. तो म्हने, मी बसतो. अन् दिवसभर दुकानाच्या पायरीवर बसून राह्यला. मी इचारलं, तुमची कोर्टात तारीख हाये ना? तो म्हने, हाये. अन् बसूनच राह्यला. संध्याकाळी बॅग घेऊन गेला. पट्टा मी त्याच्या हनुवटीच्या मापानं कापला होता."

दादा म्हणतात नवा पट्टाही त्याच मापाचा आहे, तेवढं तरी बघा.

तुमची,
उज्मा


अमरावती,
९ एप्रिल २०२५

चि. उज्मा, आणि इनायतुल्लाभाई,

ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. वसंतराव, माझे यजमान, वकील होते. पर्स देताना मला म्हणाले होते, "कोर्टाच्या कामानं गेलो होतो, रस्त्यात दिसली, घेतली." मी चिडले होते की न विचारता एवढा लांब पट्टा कशाला घेतला. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. त्यांनी माझ्यासाठी तारीख चुकवली होती हे मला आज अडतीस वर्षांनी कळलं. तुमचं पत्र वाचून मी बराच वेळ हनुवटीला हात लावून बसले होते.

तुम्ही मला हे दिलंत, मग मीही लपवत नाही. चेन बसवणाऱ्या माणसाला घरातलं सगळं कशाला सांगायचं, म्हणून आधी लिहिलं नव्हतं.

तो उंदीर नव्हता. ती माझी मुलगी होती, मैथिली.

ती तीन महिन्यांची झाली आणि माझी रजा संपली. मी तिला घेऊन रोज अमरावती-वरूड एसटीनं जायची, दोन-सव्वादोन तास. वरूडला शाळेजवळ गंगूबाई म्हणून होत्या, त्या दिवसभर तिला सांभाळायच्या. सकाळी मोर्शी येईपर्यंत मैथिली झोपलेली असायची. मोर्शीला बस थांबली की जागी व्हायची आणि खांद्यावर डोकं ठेवून तो पट्टा चावत बसायची. दात येत होते. वर दोन, खाली दोन. मी एका हातानं तिला धरायची आणि दुसऱ्या हातानं वह्या तपासायची. दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून घेतलेली पर्स. बघा.

ती चार वर्षांची असताना तापानं गेली, त्र्याण्णव साली, तीन दिवसांत. तिचा एक फोटो आहे, त्यात ती हलली आहे. कपडे वसंतरावांनी अंजनगावला त्यांच्या बहिणीकडे नेऊन दिले, मला दिसू नयेत म्हणून. त्यांना वाटलं सगळं गेलं. पट्टा त्यांच्या लक्षात आला नाही आणि मी सांगितलं नाही. त्यानंतर सत्तावीस वर्षं मी वर्गात शिरण्याआधी त्या चार खळग्यांवरून बोट फिरवायची. मुलांना वाटायचं बाई पट्टा सारखा करतात.

मनिऑर्डर मी घेतली नाही, पोस्टमन परत घेऊन गेला. मला पैसे नकोच होते. मला ती हवी आहे. एवढीशीच उरली होती ती, तेवढी हवी आहे. भंगारवाल्याचं नाव कळवा, मी स्वतः येते.

प्रमोदिनी देव


अकोला,
१७ एप्रिल २०२५

बाई,

हे पत्र दादांनी सांगितलेलं नाही, मी माझ्या मनानं लिहिते आहे.

उंदीर मीच म्हटला होता. दादांना दिसत नाही. त्यांनी पट्ट्यावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "उज्मा, पाह्य बरं, हे काय हाये?" मी मोबाइल बघत होते. बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि म्हटलं, उंदरानं चावलं वाटते. दादा म्हणाले, "उंदराचं असं नसते." मी म्हटलं, मग कशाचं असते, फेका न. पावतीही मीच लिहिली. गेल्या दोन पत्रांत हे लिहायचं धाडस झालं नाही.

तुमचं पत्र मी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. मैथिलीचं नाव आलं तिथे दादी उठून आत गेली. आम्हाला वाटलं रडायला गेली. थोड्या वेळानं बाहेर आली आणि भिंतीकडे बघून म्हणाली, "भंगारवाल्यानं नाई नेला. मी घेतला होता."

दादीची एक बकरी आहे, पांढऱ्या कानाची. नायलॉनच्या दोरीनं तिचा गळा सोलला होता. तुमचा पट्टा इतका मऊ होता की दादीला फेकवेना. तिनं तो बकरीच्या गळ्यात बांधला. तुम्ही पट्टा परत मागितला तेव्हा अमरावतीच्या बाईला हे कोणत्या तोंडानं सांगायचं, म्हणून भंगारवाल्याचं नाव घेतलं. आणि तेवढ्यात ईदला आलेल्या नगमा फुपीनं बकरी हिवरखेडला नेली, कारण ती गाभण आहे आणि तिकडे चारा आहे.

मी लगेच फुपीला फोन लावला. ती म्हणाली, "पट्टा? मी तं तिले घंटीची साखळी बांधली. पट्टा कुठी टाकला काय मालूम. पायते."

तिनं बघेपर्यंत दादांना धीर निघाला नाही. आज सकाळी एकटेच निघाले. उन्हाचा पारा त्रेचाळीसवर आहे आणि त्यांना बसची पाटी वाचता येत नाही. मी म्हटलं मी येते, तर म्हणाले, "तुही परीक्षा हाये. मी इचारत इचारत जाईन." छत्री घेऊन गेले आहेत. आता दुपारचे चार वाजले, अजून फोन नाही.

बाई, मला माफ करू नका, पण रागावू नका.

उज्मा


अकोला,
२९ एप्रिल २०२५

परमोदिनीबाईले इनायतुल्लाचा आदाब.

हे मी सोता लिवून राह्यलो. अक्षर मोठं अन् वाकडं हाये, रेघ दिसत नाई म्हनून. मराठी मी म्युन्सिपाल्टीच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलो. चुका असन तं मार्क कापा.

पट्टा भेटला. नगमाच्या गोठ्यात खुंटीले होता, वर बारदानाचे बोरे टाकलेले. सारं घर शोधून राह्यलं होतं, मी हातानं चाचपत गेलो अन् हाताले लागला. पानी लागून घट्ट झाला नाई, चांगला हाये. तिथंच बाजेवर बसलो अन् अंगठा फिरवला. बाई, मी पन्नास वर्षं चामड्याचं काम केलं. उंदराचे दात मले ठाव हायेत. तवा पोरीवर इस्वास ठेवला अन् आपल्या अंगठ्यावर नाई ठेवला. चूक माही हाये, तिची नाई.

तुमी चार लिवले. चार नाई, सहा हायेत. वर दोन, खाली दोन हे बरोबर. त्याच्या बाजूले आनखी दोन हायेत, एक इकडं एक तिकडं, लय बारीक. डोयानं नाई दिसत, उज्माले बी नाई दिसले. डोये मिटून पाहा. मी तीनदा मोजले.

मी त्याले तेल लावलं नाई, साबन लावला नाई, पुसला बी नाई. बकरीचा वास येईन, माफ करा. जशी होती तशी करून देतो म्हनालो होतो, थे कोनालेच नाई जमत. म्हनून जसा हाये तसा पाठवून राह्यलो.

रईसा म्हनते, बकरीनं एकदाबी त्याले तोंड लावलं नाई, तिच्याबद्दल मन साफ ठेवा.

इनायतुल्ला


अमरावती,
६ मे २०२५

इनायतुल्लाभाई, रईसाभाभी आणि चि. उज्मा,

पार्सल काल आलं. उघडलं तर खरोखरच बकरी आली की काय असा वास. मी हसले. एकटी हसत होते. मग पट्टा हातात घेतला आणि पुढचं लिहीत नाही.

डोळे मिटून पाहिलं. पहिल्या वेळी चारच लागले. दुसऱ्यांदाही चारच. तुमच्यासारखा अंगठा माझ्याकडे नाही. सकाळी पुन्हा बसले, अगदी हळू फिरवला, तेव्हा डाव्या बाजूला लागला. मग उजव्या बाजूचाही.

तेव्हा मला आठवलं. एकदा संध्याकाळी मैथिलीला माझ्याकडे देताना गंगूबाई म्हणाल्या होत्या, "बाई, पोरीले आनखी दात येऊन राह्यले, पाह्यलं का?" सहामाहीचे पेपर तपासायचे होते आणि बस सुटायला आली होती. मी हो म्हटलं आणि पाहिलं नाही. नंतर कधी पाहिलं असेल, पण ते दोन पहिल्यांदा आले तेव्हा मी नव्हते. बत्तीस वर्षांत तिच्याबद्दल मला एकही नवी गोष्ट कळली नव्हती. कोण सांगणार होतं? जेवढं होतं तेवढंच मी पुन्हा पुन्हा मोजत होते. तुम्ही मला दोन दात आणून दिलेत.

ती मला अजून तितकीच हवी आहे. ते कमी झालेलं नाही, आणि व्हावं असंही वाटत नाही.

आता कामाचं. नवा पट्टा पर्सला राहू दे, तो वसंतरावांच्या हनुवटीच्या मापाचा आहे. काल ती आडवी घालून बाजारात गेले, दोन्ही हात मोकळे होते. जुना पट्टा माझ्याजवळ राहील. परत आलेली मनिऑर्डर तुम्ही ठेवा, ती तुमची मजुरी आहे, यावर वाद नको. आणि इथे मोतीबिंदूचे चांगले डॉक्टर आहेत. पावसाळ्याआधी या, माझ्या घरी उतरा. उज्मालाही आणा, तिची 'इस्वास' आणि 'विश्वास' यांवर तोंडी परीक्षा घ्यायची आहे. ती नापास झालेली नाही हे तिला आत्ताच सांगा.

तक्रार मी मागे घेते. फक्त तुमची पावती सोबत परत पाठवते आहे. तीत एक चूक आहे आणि चूक तशीच सोडायची मला सवय नाही. मी लाल पेनानं दुरुस्त केली आहे, खाली तुमची सही तेवढी हवी. वाचता येणार नाही म्हणून इथे लिहिते, उज्मा, दादांना मोठ्यानं वाचून दाखव:

'मैथिलीने चावलेला पट्टा परत केला. दात सहा.'

प्रमोदिनी